फ्लॅश प्लेअरचं ‘लायसन’ संपलंय म्हणून फोन आला तर

फ्लॅश प्लेअर म्हणजे ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवायचं जुनं, आता बंद झालेलं सॉफ्टवेअर. व्हिडिओ बघायला ते अपडेट करा, असं कुठल्याही साइटवर दिसलं तर ती खिडकी तिथल्या तिथे बंद करा. आमच्या काकांचे 2,950 रुपये याच एका बटणापायी गेले.

सोलापुरात गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस. गुडघ्यामुळे काकांना गर्दीत जाणं होत नाही, म्हणून यात्रेतला अक्षता सोहळा घरीच कॉम्प्युटरवर लाइव्ह बघायला बसले होते. सर्चमध्ये वरती आलेली कुठलीतरी साइट उघडली. काळा चौकोन, त्यावर लाल ‘एफ’ आणि खाली ‘अपडेट’. दाबलं, फाइल उतरली, चालवली. थोड्या वेळात अख्खा स्क्रीन अडकला, भोंगा वाजायला लागला आणि मधोमध एक फोन नंबर. काकांनी तो लावला. पलीकडचा माणूस अगदी अदबीनं बोलत होता, “सर, आपके फ्लॅश का लायसन खतम हो गया है.” त्यानं स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावलं, वर्षाचे पैसे यूपीआयनं घेतले. मग कार्डाचा नंबर मागितला, तेव्हा काकूंनी सरळ प्लगच उपटला. “टीव्हीचा रिचार्ज संपतो की ओ, तसंच असंल म्हटलं,” असं काका म्हणाले. चूक काय त्यांची?

फ्लॅश हे ॲडोबी कंपनीचं मालकीचं सॉफ्टवेअर, पण बघणाऱ्याला ते कायम फुकटच होतं. लायसन-बियसन काही नव्हतंच. त्यात सुरक्षेची भोकं सारखी सापडायची, त्यामुळे वरचेवर अपडेट करायची सवय लोकांना लागली. भामटे ती सवयच वापरतात. ॲडोबीनं 31 डिसेंबर 2020 ला ते बंद केलं आणि 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरमध्येच फ्लॅशचा मजकूर अडवला. यूट्यूब तर 2015 मध्येच एचटीएमएल5 वर गेलं होतं. म्हणजे व्हिडिओ चालवायची सोय ब्राउझरच्याच पोटात आली, वेगळं काही टाकायला नको. फ्लॅशसारखंच मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइटही 2021 मध्ये संपलं.

पैसे भरून सिनेमे बघायच्या साइटांना कुलूपबंद व्हिडिओ उघडणारा, कंपनीच्या मालकीचा सॉफ्टवेअरचा एक तुकडा अजून लागतो, पण तो क्रोममध्ये आधीच असतो. फायरफॉक्स फार तर वरच्या पट्टीत परवानगी विचारतो. फाइल उतरवायला सांगत नाही. उतरवलेला व्हिडिओ चालत नसेल तर व्हीएलसी हा प्लेअर घ्या, फुकट आणि मुक्त आहे, पण त्याच्या मूळ साइटवरूनच.

असं झालंच तर आधी इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा, उद्यावर टाकू नका. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. आम्ही विंडोज नव्यानं टाकून घेतलं.

काकांचे पैसे अजून आलेले नाहीत. त्या माणसाचा फोन मात्र परवा पुन्हा आला होता. आता रिफंड द्यायचाय म्हणे, तेवढी स्क्रीन शेअर करा.