प्लेराइट आणि एक्सप्लेन अ‍ॅनालाइज: आठ महिन्यांच्या वापरानंतर

‘पान उघडत नाही’ अशी तक्रार आली की आमच्या टीममध्ये लगेच दोन तट पडायचे. फ्रंटएंडवाले म्हणायचे, सर्व्हर मंद आहे. बॅकएंडवाले म्हणायचे, ब्राउझरचं काहीतरी आहे. मग दोघंही आपापल्या कोडमध्ये अंदाजाने बदल करायचे आणि तक्रार थांबली की नेमकं कशामुळे थांबली हे कुणालाच सांगता यायचं नाही. आठ महिन्यांपूर्वी ठरवलं की पुरावा हातात आल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही. ब्राउझरच्या बाजूला प्लेराइट घेतलं, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून पानं तपासणारं साधन. डेटाबेसच्या बाजूला पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये आधीपासून असलेलं एक्सप्लेन अ‍ॅनालाइज (एखादी क्वेरी कशी चालली आणि कुठे किती वेळ गेला ते दाखवणारा प्लॅन) आणि पीजी स्टॅट स्टेटमेंट्स (कोणती क्वेरी किती वेळा चालली आणि एकूण किती वेळ लागला याची नोंद) नीट वापरायला सुरुवात केली. इतक्या वापरानंतर काय हाती लागलं ते मोकळेपणाने लिहितो आहे.

प्लेराइट मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलं. एकच टेस्ट क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट (सफारीचं इंजिन) या तिन्ही ब्राउझर-इंजिनांवर चालते, आणि वेबकिटसाठी मॅक लागत नाही. लिनक्सवरच्या सीआयमध्येही, म्हणजे कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवरही, ते चालतं. पण मला खरा जीव लागला तो ट्रेसवर, म्हणजे टेस्टच्या नोंदीवर. टेस्ट फेल झाली की एक फाइल मिळते. ती उघडली की प्रत्येक क्लिकच्या आधीचं आणि नंतरचं पान, त्या क्षणीचा कन्सोल आणि प्रत्येक रिक्वेस्टला लागलेला वेळ एका टाइमलाइनवर दिसतो. ट्रेस ‘पहिल्या रिट्रायला’ अशा सेटिंगवर ठेवला असेल तर रिट्राय (फेल झालेली टेस्ट पुन्हा चालवणं) शून्य ठेवू नका. रिट्रायच झाला नाही तर ट्रेस बनतच नाही.

या जोडीची किंमत मला एका प्रसंगात कळली, तो जरा सविस्तर सांगतो.

ऑर्डरींच्या यादीचं नवं पान बनवलं होतं. प्रत्येक ऑर्डरपुढे तिच्यातल्या वस्तूंची संख्या, आणि त्या संख्येनुसार क्रम लावायची सोय. सीआयवर या पानाची टेस्ट क्रोमियममध्ये पास, फायरफॉक्समध्ये पास, वेबकिटमध्ये फेल. रोज तेच. स्वतःच्या मशीनवर एकट्या वेबकिटची टेस्ट चालवली की ती मात्र बिनबोभाट पास व्हायची. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की ही वेबकिटची भानगड आहे. टेबलचं सीएसएस बदलून पाहिलं, सॉर्टिंगचं जावास्क्रिप्ट बदलून पाहिलं. दहा दिवस यात गेले.

शेवटी ट्रेसमध्ये नेटवर्कचा टॅब उघडला. यादीच्या रिक्वेस्टचं उत्तर यायलाच पाच सेकंदांच्या वर वेळ लागत होता, आणि पानावर अपेक्षित गोष्ट दिसते का हे तपासणारं प्लेराइटचं एक्स्पेक्ट मूळ सेटिंगमध्ये पाच सेकंदच थांबतं. वेबकिटने काही चुकीचं दाखवलंच नव्हतं, दाखवण्यासारखं त्याच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. मग तिन्ही ब्राउझरचे आकडे शेजारी ठेवले: क्रोमियमला साधारण ०.६ सेकंद, फायरफॉक्सला २.४, वेबकिटला ५.४. सीआयवर आमच्याकडे टेस्ट चालवणारा एकच वर्कर, त्यामुळे ब्राउझर एकामागून एक याच क्रमाने चालतात. आणि आमची एक टेस्ट दर ब्राउझरच्या वेळी फाइलमधून १,६०० ऑर्डरी भरते, पुसत मात्र नाही. म्हणजे तिसऱ्या ब्राउझरच्या वाट्याला ४,८०० ऑर्डरींची यादी. कॉन्फिगमध्ये वेबकिट पहिलं केलं आणि क्रोमियम शेवटी. आता फेल झालं क्रोमियम! दहा दिवसांचा प्रश्न दहा मिनिटांत ब्राउझरवरून उठून डेटाबेसकडे गेला.

तिथे एक्सप्लेन अ‍ॅनालाइज चालवलं. प्लॅनमध्ये एक सबप्लॅन (क्वेरीच्या आतली छोटी क्वेरी) होता, त्याच्या आत वस्तूंच्या टेबलवर सीक्वेन्शियल स्कॅन, आणि वेळ लिहिलेला १.१ मिलिसेकंद. पहिल्या नजरेत वाटतं, इथे काय वाईट आहे? पण त्याच ओळीच्या शेवटी ‘लूप्स ४८००’ असं होतं. प्लॅनमधला वेळ एका लूपचा सरासरी वेळ असतो, गुणाकार आपण करायचा असतो. ४,८०० गुणिले १.१ म्हणजे पाच सेकंदांच्या वर. थोडक्यात, प्रत्येक ऑर्डरसाठी वस्तूंचं अख्खं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं जात होतं. ऑर्डरी दुप्पट झाल्या की वस्तूही दुप्पट, म्हणून वेळ चौपट. ०.६, २.४, ५.४ हे आकडे त्याच हिशेबाने वाढत होते.

कारण साधं होतं. वस्तूंच्या टेबलमधल्या ऑर्डरच्या फॉरेन की वर, म्हणजे वस्तू कोणत्या ऑर्डरची ते सांगणाऱ्या कॉलमवर, इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी झटपट शोधायची सोय) नव्हता. पोस्टग्रेस फॉरेन की बनवताना त्या कॉलमवर आपणहून इंडेक्स बनवत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी बनवतं, म्हणून तिकडून आलेल्या माणसाच्या हे ध्यानातच येत नाही, आणि आमच्या टीममधले तिघं तिकडून आलेले. इंडेक्स लावला आणि तीच क्वेरी ६० मिलिसेकंदांच्या आत आली. खऱ्या डेटाबेसवर लावल्यावर आणखी एक फायदा झाला: जुन्या ऑर्डरी डिलीट करायला जो वेळ लागायचा तोही संपला. ऑर्डर डिलीट करताना तिच्या वस्तू उरल्या आहेत का हे पोस्टग्रेसला तपासावं लागतं, आणि इंडेक्स नसला की तिथेही पूर्ण टेबल वाचावं लागतं.

चालू डेटाबेसवर इंडेक्स लावताना कॉन्करंटली लिहाच, नाहीतर इंडेक्स बनेपर्यंत त्या टेबलवर लिहिणं अडतं. मात्र ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून मायग्रेशनच्या (डेटाबेसच्या रचनेत बदल करणाऱ्या) टूलमध्ये त्या फाइलपुरतं ट्रान्झॅक्शन बंद करावं लागतं. मध्येच फेल झालं तर अर्धवट, निरुपयोगी इंडेक्स मागे राहतो. तो ड्रॉप करून पुन्हा सुरुवात करायची.

एक्सप्लेनसोबत अ‍ॅनालाइज लिहिलं की क्वेरी खरोखर चालते, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा. अपडेट किंवा डिलीट तपासायचं असेल तर बिगिन करून चालवा आणि रोलबॅक करा. बफर्स हा पर्यायही सोबत घ्या. पोस्टग्रेस १८ पासून ते अ‍ॅनालाइजबरोबर आपोआप येतात, त्याआधीच्या व्हर्जनला लिहावं लागतं. एकाच क्वेरीला कधी २० मिलिसेकंद तर कधी ८०० लागतात, तेव्हा किती पानं मेमरीतून आली आणि किती बाहेरून वाचावी लागली ते तिथे दिसतं. आणि प्लॅनमध्ये अंदाज केलेल्या रो व प्रत्यक्ष आलेल्या रो यांच्यात शेकडो पटींचा फरक असेल तर आधी त्या टेबलवर नुसतं अ‍ॅनालाइज (ही वेगळी कमांड, टेबलची स्टॅटिस्टिक्स ताजी करणारी) चालवून पाहा. स्टॅटिस्टिक्स जुनी झाली असण्याची शक्यता बरीच असते.

पीजी स्टॅट स्टेटमेंट्स सुरू करायला सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो, पण तेवढा त्रास जरूर घ्या. आम्ही क्वेरी एकूण वेळेनुसार लावल्या तेव्हा सर्वांत वर जी आली तिला दर वेळी जेमतेम ०.४ मिलिसेकंद लागत होते. स्लो क्वेरीच्या लॉगमध्ये ती जन्मात दिसली नसती. पण ती दिवसाला लाखो वेळा चालत होती, कारण यादीतल्या प्रत्येक ग्राहकासाठी ओआरएम (आपल्या कोडवरून क्वेरी बनवणारी लायब्ररी) पत्ता वेगळा आणत होतं. एकदम आणायला सांगितलं, काम झालं.

आता जिथे ही साधनं पुरी पडत नाहीत ते. प्लेराइटमधलं वेबकिट म्हणजे सफारी नव्हे. इंजिन तेच, पण ते नव्या कोडवरून बनवलेलं असतं, आणि लोकांच्या हातातल्या सफारीला दोन-तीन वर्षं झालेली असू शकतात. आमच्या सगळ्या टेस्ट पास असताना एका ग्राहकाच्या जुन्या आयपॅडवर पान कोरं येत होतं. आयपॅड केबलने मॅकला जोडून वेब इन्स्पेक्टर उघडला तर कन्सोलमध्ये एकच ओळ: रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात नमुना शोधायची खूण) अवैध, ग्रुपचं नाव चुकीचं. आमच्या कोडमध्ये नाव दिलेला ग्रुपच नव्हता. होतं ते लुकबिहाइंड (आधी काय आलं आहे ते पाहून जुळवणारी खूण), आकड्यांत स्वल्पविराम घालण्यासाठी लिहिलेलं. सफारीत लुकबिहाइंड आलं ते १६.४ मध्ये, मार्च २०२३ ला. त्याआधीचं इंजिन त्या खुणेला ग्रुपच्या नावाची सुरुवात समजतं. आणि ही चूक फाइल पार्स होतानाच होते, त्यामुळे ते फंक्शन कधी वापरलं गेलं नाही तरी पूर्ण बंडल (पानाचं एकत्र बांधलेलं जावास्क्रिप्ट) बंद पडतं. ट्राय-कॅचचा उपयोग नाही. नवं जावास्क्रिप्ट जुन्यात बदलणारं बाबेलही लुकबिहाइंडचं जुन्या ब्राउझरला समजेल असं रूपांतर करून देत नाही. आम्ही ती एक्स्प्रेशनच काढून टाकली आणि जावास्क्रिप्टमध्येच असलेलं इंटलचं नंबरफॉरमॅट वापरलं. ते आधीच वापरायला हवं होतं.

तेव्हापासून नवं फीचर वापरण्याआधी बेसलाइन, म्हणजे कोणतं फीचर कोणत्या ब्राउझरांत चालतं याची यादी, पाहतो. सगळ्या मुख्य ब्राउझरांत येऊन ३० महिने झाले की एखादं फीचर तिथे ‘वाइडली अव्हेलेबल’ ठरतं, आणि आमच्या ग्राहकांसाठी ही मर्यादा बरोबर बसते. शिवाय दर रिलीजला एक जुना आयपॅड आणि एक जुना अँड्रॉइड फोन हातात घेऊन मुख्य पाच पानं उघडून पाहतो. वीस मिनिटं जातात, ती मी कमी करणार नाही.

बारीकसारीक कुरबुरीही आहेत. प्लेराइटच्या प्रत्येक व्हर्जनला आपापले ब्राउझर लागतात, त्यामुळे अपडेट केलं की मोठं डाउनलोड आलंच. स्क्रीनशॉट जुळवणाऱ्या टेस्ट मॅकवर घेतल्या आणि लिनक्सवर तपासल्या तर फॉन्टच्या फरकाने फेल होतात. आम्ही त्या फक्त कंटेनरमध्येच चालवतो. आणि टेस्टमध्ये ‘तीन सेकंद थांब’ असं लिहिण्याचा मोह टाळा. आम्ही त्या यादीच्या टेस्टमध्ये थांबण्याची मर्यादा दहा सेकंद केली असती, तर ती तेव्हाच पास झाली असती आणि इंडेक्स नसलेलं ते पान जसंच्या तसं ग्राहकांपर्यंत गेलं असतं.

टेस्टने भरलेल्या ऑर्डरी आता दर ब्राउझरच्या आधी पुसतो. पण एक रात्रीची फेरी मुद्दाम न पुसता चालवतो, दोन लाख ऑर्डरी आधीच भरलेल्या डेटाबेसवर, ऑटो एक्सप्लेन ५०० मिलिसेकंदांवर लावून, म्हणजे त्याहून जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरीचा प्लॅन आपोआप लॉगमध्ये येतो. गेल्या सहा आठवड्यांत त्या लॉगमधून इंडेक्स नसलेल्या आणखी दोन फॉरेन की सापडल्या.