रिंग की मॅजिक पॅकेट?

बंद पीसी दुरून चालू करायचा जुना मार्ग सिरियल पोर्टचा (पीसीच्या मागची, मोडेमसारखी उपकरणं जोडायची जुनी जागा). ९ पिनांच्या पोर्टातली ९वी पिन म्हणजे रिंग इंडिकेटर. फोन लाइनला जोडलेल्या बाहेरच्या मोडेमवर फोन वाजला की तिच्यावर धन व्होल्टेज येतं आणि मदरबोर्ड जागा होतो. अर्थात बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) ती सोय असेल, चालू केलेली असेल, तरच. मोडेम नसेल तर ९ आणि ५ (ग्राउंड) या पिनांमध्ये बाहेरून स्विचने १२ व्होल्ट दिले तरी भागतं. पण फोन कोणाचा, हे पिनेला काय कळणार? राँग नंबरनेही मशीन उठतं!

दुसरा मार्ग वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून पीसी उठवणं. त्याचं मॅजिक पॅकेट नेमकं: एफएफचे (सगळे बिट १) ६ बाइट, पुढे त्या पीसीच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाची स्वतःची ओळख) १६ वेळा, एकूण १०२ बाइट. शेजारचा पीसी झोपलेलाच राहतो. दोन्ही मार्गांना पॉवर सप्लायचे स्टँडबाय (पीसी बंद असतानाही मिळणारे) ५ व्होल्ट लागतातच. घरी मी लॅनच घेईन. नेटवर्कच नसलेल्या पंपहाऊसवर मात्र सिरियल.