ऑनलाइन एम.ए.टी. ते न्यू जर्सीचं शिक्षक प्रमाणपत्र: पूर्ण वापरानंतरचा अनुभव

भारतातली पदवी हातात आहे, मुक्काम न्यू जर्सीत आहे आणि प्राथमिक शाळेत शिकवायचं आहे, अशांसाठी हे लिहिलं आहे. मार्ग ऑनलाइन एम.ए.टी.चा, म्हणजे मास्टर ऑफ आर्ट्स इन टीचिंगचा. प्रवेशअर्जापासून राज्याच्या प्रमाणपत्रापर्यंत सगळं पाहून झाल्यावरचं मत आधी देते: अभ्यासक्रम चांगला आहे, पण 'ऑनलाइन' हा शब्द त्याच्या निम्म्याच भागाला लागू पडतो. उरलेला निम्मा भाग खऱ्या वर्गात, सकाळपासून दुपारपर्यंत, वीस-पंचवीस मुलांसमोर उभं राहून करायचा असतो. माणसं अडतात ती तिथेच, म्हणून पैसे भरण्याआधी चौकशी त्या भागाची करावी.

पहिली चूक पदवीच्या नावात होते. एम.एड. आणि एम.ए.टी. दिसायला सारख्या, पण कामं वेगळी. अमेरिकेतल्या बऱ्याचशा ऑनलाइन एम.एड. आधीच लायसन्स असलेल्या शिक्षकांसाठी असतात. 'एलिमेंटरी एज्युकेशन' असं नाव असलं तरी त्यातून पहिलं लायसन्स मिळेलच असं नाही. अभ्यासक्रमाच्या पानावर तळाशी तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आपल्याला हवा तो 'इनिशियल लायसन्शर'चा अभ्यासक्रम, ज्यात स्टुडंट टीचिंग, म्हणजे शाळेत अनुभवी शिक्षिकेच्या देखरेखीखाली शिकवण्याचा सराव, समाविष्ट आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे लायसन्स विद्यापीठ देत नाही, राज्य देतं. विद्यापीठ फक्त शिफारस करतं. जुलै २०२४ पासूनच्या केंद्रीय नियमानुसार विद्यार्थी ज्या राज्यात राहतो तिथल्या लायसन्सच्या शैक्षणिक अटी आपला अभ्यासक्रम पूर्ण करतो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी विद्यापीठावर आली आहे. तरीही प्रवेश विभागाला ईमेलने नेमका प्रश्न विचारावा (के-६ म्हणजे बालवाडी ते सहावी, सी.ई.ए.एस. म्हणजे प्रशिक्षण आधी पूर्ण करून मिळणारं राज्याचं प्रमाणपत्र): "न्यू जर्सीच्या के-६ साठी सी.ई.ए.एस.ची शिफारस तुम्ही कराल का, आणि माझ्या काउंटीत स्टुडंट टीचिंगची शाळा कोण शोधणार, तुम्ही की मी?" उत्तर फोनवर मिळालं तर तेवढ्यावर थांबू नका, लेखी मागा. अधिस्वीकृतीही तपासा. विद्यापीठाची स्वतःची आणि शिवाय शिक्षक प्रशिक्षणाची, म्हणजे सीएईपी किंवा एएक्यूईपी या मान्यता देणाऱ्या संस्थांची.

सी.ई. आणि सी.ई.ए.एस. यांत गल्लत होते, म्हणून थोडं सविस्तर. सी.ई. म्हणजे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी. पदवी, गुणांची सरासरी, विषयाची परीक्षा आणि ५० तासांचं पूर्वप्रशिक्षण एवढ्यावर ते निघतं. मग नोकरी शोधायची आणि नोकरी करता करता प्रशिक्षण पुरं करायचं. सी.ई.ए.एस., म्हणजे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी विथ अॅडव्हान्स्ड स्टँडिंग, यात स्टुडंट टीचिंगसह प्रशिक्षण आधीच झालेलं असतं. म्हणजे न्यू जर्सीत शिक्षक व्हायला मास्टर्स सक्तीचं नाही. स्वस्त मार्ग सी.ई.चाच. पण ज्या व्यक्तीने अमेरिकन वर्ग आतून कधी पाहिलेला नाही, तिने पहिल्याच दिवशी एकटीने पूर्ण वर्ग अंगावर घेणं मुलांच्याही हिताचं नाही. अनुभवी शिक्षिकेच्या शेजारी काही महिने काढायला मिळतात, हेच एम.ए.टी.चं खरं मोल आहे.

आता कागदपत्रं. भारतातल्या पदवीचं विषयवार मूल्यांकन लागतं. नुसतं 'पदवी समकक्ष आहे' एवढं पत्र चालत नाही. मूल्यांकन संस्थेला ट्रान्सक्रिप्ट थेट विद्यापीठाकडून हवं असतं, सीलबंद लिफाफ्यात किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने. मुंबई विद्यापीठाचं काम कलिन्याहून होतं. जुन्या गुणपत्रिका, नावातला बदल, लग्नानंतरचं आडनाव यांत आठवडे जातात, म्हणून प्रवेशाच्या तारखेआधी चार-पाच महिने हे सुरू करावं. तीन वर्षांच्या बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.ला सगळ्या संस्था अमेरिकन बॅचलर्सच्या तोडीचं मानत नाहीत. काही संस्था महाविद्यालयाची नॅक श्रेणी आणि मिळालेला वर्ग पाहून मानतात. कोणती संस्था आपल्या विद्यापीठाला आणि राज्याला चालते हे विचारूनच पैसे भरा, नाहीतर तोच खर्च दुसऱ्यांदा होतो.

यात लपलेली मोठी अडचण म्हणजे ६० क्रेडिटची अट. न्यू जर्सीत के-६ साठी पदवी लिबरल आर्ट्स (भाषा, इतिहास, अर्थशास्त्र असे विषय) किंवा सायन्सची हवी, किंवा त्या विषयांतली किमान ६० क्रेडिट हवीत. बी.एस्सी. आणि बी.ए.वाले सहज सुटतात. बी.ई. आणि बी.कॉम.वाल्यांचं गणित अवघड होतं. अभियांत्रिकीतलं गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र धरलं जातं. मशीन डिझाइन नाही. वाणिज्यातलं अर्थशास्त्र, इंग्रजी, संख्याशास्त्र धरलं जातं, अकाउंटन्सी नाही. कमी पडलेली क्रेडिट कम्युनिटी कॉलेजमध्ये भरून काढणं सगळ्यात स्वस्त. आणि ती भरताना अमेरिकेचा इतिहास आणि शासनव्यवस्था हेच विषय घ्या. का ते पुढे येईल.

प्रत्यक्ष अभ्यास साधारण ३० ते ४० क्रेडिटचा. दोन पद्धती दिसतात. एकीत आठ-आठ आठवड्यांचे कोर्स, एका वेळी दोन, आठवड्याच्या मध्यावर चर्चेचं पहिलं उत्तर, रविवारी रात्रीपर्यंत सहाध्यायांना प्रत्युत्तरं आणि एक लेखी काम. दोन कोर्सना मिळून आठवड्याला १५ ते १८ तास धरा. दुसरी पद्धत वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीची: सहा महिन्यांची एकच ठरलेली फी, आणि त्या मुदतीत जितके कोर्स उरकाल तितके. ज्याला येत असलेलं पटकन सिद्ध करता येतं त्याला दुसरी स्वस्त पडते. ज्याला ठरलेल्या तारखेशिवाय काम होत नाही त्याने पहिलीच घ्यावी.

लेखी कामात सर्वाधिक गुण जातात ते पाठ टाचणात. आपल्याकडे डी.एड.-बी.एड.ला टाचण असतंच, पण इथे कस उद्दिष्टाच्या वाक्यावर लागतो. 'मुलांना अपूर्णांक समजतील' हे उद्दिष्ट परत येतं, कारण समजणं मोजता येत नाही. 'दिलेल्या संख्यारेषेवर पाचपैकी चार अपूर्णांक बरोबर जागी दाखवतील' हे चालतं. मग राज्याच्या मानकाचा क्रमांक, ते तपासायची कृती आणि उद्दिष्ट ही तिन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलतात का, हे परीक्षक पाहतात. चौथा भाग विशेष गरजांच्या मुलांचा: आय.ई.पी. (विशेष शिक्षणाची वैयक्तिक योजना) असलेला मुलगा, ५०४ प्लॅन (अपंगत्व किंवा आजारामुळे नेहमीच्या वर्गात दिलेल्या सवलती) असलेली मुलगी, नव्याने इंग्रजी शिकणारं मूल. प्रत्येकासाठी वेगळा बदल लिहावा लागतो. 'जास्त वेळ देईन' हे तिघांनाही लिहिलं की टाचण परत.

वाचन शिकवण्याचा कोर्स या अभ्यासक्रमातला सर्वात दमदार भाग, आणि मराठी माणसाला तो एकाच वेळी सोपा आणि फसवा जातो. सोपा अशासाठी की कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही मांडणी आपण वर्णमालेसोबत शिकलेलो असतो. आवाज तोंडात कुठे घडतो हे वेगळं समजावून घ्यावं लागत नाही. फसवा अशासाठी की आपलं डोकं अक्षरं मोजतं. 'शिप' म्हटलं की आपल्याला शि आणि प असे दोन तुकडे ऐकू येतात. इथे उत्तर तीन आहे, श, इ, प. 'बॉक्स'मध्ये (box) इंग्रजीत लिहिलेली अक्षरं तीन, आवाज चार, कारण शेवटच्या एका अक्षरात क आणि स दोन्ही आहेत. परीक्षेत असे प्रश्न हमखास येतात. रोज दहा शब्द बोटांवर आवाज मोजत तोडण्याचा सराव तीन-चार आठवडे करा. व चे दोन इंग्रजी उच्चार आणि दातांमध्ये जीभ ठेवून होणारा घर्षक उच्चार, ज्याला आपण थ म्हणून मोकळे होतो, हेही घोटून घ्या. पहिलीतली मुलं शिक्षिकेच्या तोंडाकडे बघून आवाज शिकतात.

परीक्षा म्हणजे ईटीएस या चाचण्या घेणाऱ्या संस्थेची प्रॅक्सिस. वाचन-लेखन-गणिताची जी प्राथमिक कौशल्यांची चाचणी होती, ती न्यू जर्सीने १ जानेवारी २०२५ पासून लायसन्ससाठी काढून टाकली. विषयांची परीक्षा मात्र आहे: भाषा, गणित, सामाजिक शास्त्रं, विज्ञान. गणितात आपली माणसं तयार असतात, पण गॅलनचे ४ क्वार्ट, ८ पाइंट, १६ कप, पौंडाचे १६ औंस, मैलाचे ५,२८० फूट हे पाठ नसतं. शिवाय उत्तर काढता येणं पुरत नाही. मुलाने केलेल्या चुकीमागचा विचार ओळखायला सांगतात. खरा घाट सामाजिक शास्त्रांचा. १७८७चं संविधान, १७९१च्या पहिल्या दहा घटनादुरुस्त्या, १८०३ची लुइझियाना खरेदी, यादवी युद्धानंतरची तेरावी, चौदावी आणि पंधरावी दुरुस्ती, १९२०ची एकोणिसावी, सरकारच्या तीन शाखांनी एकमेकींवर ठेवलेला अंकुश. अमेरिकन सहाध्यायांनी हे शाळेत दोनदा-तीनदा वाचलेलं असतं, आपण एकदाही नाही. या एका भागाला दोन महिने द्या आणि तो स्वतंत्र दिवशी द्या. नापास झाल्यास पुन्हा बसायला २८ दिवस थांबावं लागतं, आणि स्टुडंट टीचिंगच्या आधी निकाल मागणारी विद्यापीठं त्यापायी पूर्ण सत्र पुढे ढकलतात.

आता वर्गातला भाग. न्यू जर्सीत सी.ई.ए.एस.साठी शेवटच्या पूर्णवेळ सत्राच्या आधीच्या सत्रात १७५ तास, आणि मग एक पूर्ण सत्र रोज शाळा. यासाठी अर्ज आधीच्या सत्रात जातो. डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेला, शिक्षिका, मुख्याध्यापक आणि कधी शाळा मंडळाची मंजुरी लागते. ऑनलाइन विद्यापीठाचा तुमच्या डिस्ट्रिक्टशी करार नसेल तर नव्याने करावा लागतो, त्यात महिने जातात. सर्वात जास्त लोकांचं सत्र इथे वाया जातं. शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत कितीही वर्षं शिकवलं असलं तरी ते तास यात धरत नाहीत, कारण लायसन्सधारी शिक्षिकेच्या देखरेखीखालचा नियमित शाळेतला वर्ग लागतो. अर्जात अनुभव म्हणून मात्र ते जरूर लिहावं. मुलाखतीत त्याचा उपयोग होतो.

बोटांचे ठसे आणि क्षयरोगाची तपासणी लवकर उरका. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे, पुन्हा डॉक्टर, पुन्हा आठवडा. सरळ आयजीआरए ही रक्ताची चाचणी मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

पूर्णवेळ सत्रात बहुधा पगार नसतो आणि दुसरी नोकरी शक्य नसते. पहिल्या आठवड्यांत निरीक्षण आणि एखादी तासिका, मग एकेक विषय वाढत जातो, मध्यावर काही आठवडे संपूर्ण दिवस तुमचा, शेवटी पुन्हा हळूहळू परत देणं. घरात लहान मूल असेल तर त्याची सकाळ सातपासूनची सोय आधी करा. वर्गात आपली सवय आडवी येते ती दोन ठिकाणी. एक, प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देणं; तीन ते पाच सेकंद गप्प राहायला शिकावं लागतं. दोन, सूचना लांब असणं. एका दमात दोनच पायऱ्या सांगा आणि एका मुलाकडून त्या वदवून घ्या.

पाठाचं चित्रीकरण लागतंच. एडटीपीए ही चित्रित पाठावर आधारलेली परीक्षा न्यू जर्सीने २०२२ च्या अखेरीस सक्तीची ठेवली नाही, पण विद्यापीठं आपापलं कार्यमूल्यमापन घेतात. पालकांची लेखी परवानगी पहिल्या आठवड्यातच गोळा करा, परवानगी नसलेल्या मुलांना कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसवा, आणि मुलांच्या टेबलावर वेगळा मायक्रोफोन ठेवा. चित्र स्वच्छ आणि मुलांची उत्तरं ऐकूच येत नाहीत, असं झालं की तो पाठ पुन्हा घ्यावा लागतो.

व्हिसाचं स्पष्ट बोलायला हवं. पुण्या-नाशकात बसून पूर्ण ऑनलाइन मास्टर्स केल्याने एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. एफ-१ वर पूर्णवेळ अभ्यासात सत्राला एकच ऑनलाइन कोर्स किंवा तीन क्रेडिट धरली जातात. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर शिकता येतं, पण पगाराची शिक्षिका व्हायला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागतो. टीच ग्रँट हे होणाऱ्या शिक्षकांसाठीचं अनुदान आणि केंद्रीय कर्ज नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही मोजक्या पात्र गटांसाठीच आहे. आणि ही पदवी घेऊन महाराष्ट्रात परतून पहिली ते पाचवीला शिकवायचा विचार असेल, तर तिथे डी.एल.एड. आणि टीईटी लागते. ऑगस्ट २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वर्गांना बी.एड.सुद्धा चालत नाही.

स्टुडंट टीचिंग कुठल्या सत्रात घ्यायचं, हे शेवटचं. डिस्ट्रिक्टची भरती प्रामुख्याने वसंतात सुरू होऊन ऑगस्टपर्यंत चालते. जानेवारी ते मे हे सत्र घेतलं तर ज्या शाळेत तुम्ही आहात तिथल्या जागा सगळ्यांत आधी कानावर येतात आणि सप्टेंबरला वर्ग मिळू शकतो. सप्टेंबर ते डिसेंबर घेतलं तर मधले महिने बदली शिक्षक म्हणून काढावे लागतात. बाळंतपणाच्या रजेवरची दीर्घ बदली मिळाली तर ते वाया जात नाहीत. नोकरी लागली की प्रोव्हिजनल प्रमाणपत्र आणि मार्गदर्शक शिक्षिका मिळते. कायमचं स्टँडर्ड प्रमाणपत्र तीन वर्षांच्या आत दोन वार्षिक मूल्यमापनं 'इफेक्टिव्ह' किंवा त्यावर आली की निघतं. रुजू होताना मास्टर्सचं अंतिम ट्रान्सक्रिप्ट मनुष्यबळ विभागाकडे स्वतः द्या, म्हणजे पगार तक्त्यात पहिल्या दिवसापासून मास्टर्सच्या रकान्यात नाव लागतं.