लहान मुलांची एटीव्ही: हवा तीन ठेवायची की सहा?

मुलांसाठी ५० सीसीची एटीव्ही, म्हणजे रानात चालवायची जाड टायरांची चारचाकी, घेतलेल्या दोघा-तिघांनी मला हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. आमच्याकडे तासगावच्या पूर्वेला, द्राक्षबागेशेजारच्या पडीक तुकड्यात धाकटी लेक दोन वर्षं ही गाडी चालवतेय. वय आठ, वजन २४ किलो. पहिला हंगाम मी टायरमध्ये सहा पीएसआय (हवेच्या दाबाचं नेहमीचं माप) हवा ठेवली, तेव्हापासून आजपर्यंत तीन.

आधी आकड्याचं सांगतो, कारण फसगत तिथंच होते. आमच्या गाडीच्या स्टिकरवर २० केपीए लिहिलंय, हे दाबाचंच पण वेगळं माप. पंक्चरवाल्याने वीस वाचलं आणि मोपेडच्या सवयीने वीस पीएसआय मारली. चारही टायर ढोलासारखे टणटणीत, अंगठ्याने दाबले तरी दबेनात. २० केपीए म्हणजे २.९ पीएसआय. म्हणजे जवळजवळ सातपट हवा, आणि एवढ्या हवेने हा टायर फुटूही शकतो. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, चालवायची हवा नव्हे. आमच्या टायरवर सात आहे, म्हणून सहा ठेवायला हरकत नाही असं मी धरून चाललो.

सहाच्या बाजूने बोलण्यासारखं खरंच आहे. हँडल हलकं वळतं, पाणंदीच्या चढाला छोटं इंजिन दमत नाही, दगडाची धार रिमला लागत नाही. एखादा आठवडा हवा बघायची राहिली तरी बिघडत नाही. तीनवर हे सगळं थोडं उलटं होतं. नांगरटीत हँडल जड लागतं आणि हवा दोनच्या खाली उतरली तर जोरात वळताना टायरची कड रिमवरून सुटण्याची भीती असते.

तरीही मी तीनवर आलो, आणि कारण एकच. या गाड्यांचा अ‍ॅक्सिलरेटर मुठीत नसतो, अंगठ्याने दाबायचा असतो. टायर कडक असला की मुरमातला लिंबाएवढा दगडही हँडलला हिसका देतो. हिसका बसला की पोर मूठ आवळते. मूठ आवळली की अंगठा दाबला जातो आणि गाडी पुढे झेप घेते. पोर आणखी घाबरून आणखी घट्ट धरते. लेक सारखी म्हणायची, "पप्पा, गाडी आपोआप पळतीय." मी केबल बघितली, स्पीड कमी करायचा स्क्रू आत घेतला, तरी तेच. शेवटी तिच्या बाजूने चालत गेलो आणि फक्त तिच्या हाताकडे बघत राहिलो, तेव्हा उलगडा झाला. दर दगडाला तिचा अंगठा आत जात होता.

त्याच संध्याकाळी हवा तीनवर आणली. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर टायर दगडावर दबून पुढे सरकत होते. हँडल हलायचं, पण हातातून उसळायचं नाही. मोजमाप मी काही केलं नाही, पण 'आपोआप पळतीय' ही तक्रार पुन्हा आली नाही. अशा छोट्या गाड्यांचं सस्पेन्शन बेताचंच असतं, निम्मं काम टायरच करतो असं मला वाटतं.

खात्री करायची तर टायरच्या रुंदीभर खडूची रेघ ओढा, मुलाला गाडीवर बसवा आणि सपाट जागी गाडी दोन हात ढकला. सहावर आमची रेघ फक्त मधेच पुसली गेली, तीनवर जवळपास काठापर्यंत. पण बसवायचं मुलालाच. मी स्वतः बसून हवा ठरवली होती आणि माझं वजन तिच्या तिप्पट आहे.

जमिनीप्रमाणे थोडा फरक करावा. कृष्णाकाठच्या काळ्या रानात तीन पुरे. जतकडच्या खडकाळ माळावर किंवा मूल पस्तीस किलोच्या पुढचं असेल तर कदाचित चार बरी. बारा वर्षांचा पुतण्या सुट्टीला येतो तेव्हा मी चार करतो आणि तो गेला की परत तीन. पण आधी तुमच्या गाडीचा स्टिकर बघा, त्याच्यापासून फार लांब जाऊ नका.

तीनवर राहायचं तर हवा मोजायचं शून्य ते दहा पीएसआयचं वेगळं गेज घ्यावंच लागतं. मोटारीच्या नेहमीच्या गेजचा काटा इतक्या कमी हवेला नीट हलतही नाही. कॉम्प्रेसर नको, सायकलचा हातपंप बरा. हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. हिवाळ्यात सकाळी १५ अंशांत तीन भरली तर दुपारी ३३ अंशांत तीच चारच्या आसपास होते. दुपारी ती उतरवून तीन केलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर दोनवर आलेला असतो.

मागच्या दोन्ही टायरांत हवा अगदी सारखी ठेवा. मागे एकच सलग अ‍ॅक्सल असतो, दोन्ही चाकं बरोबर फिरतात, त्यामुळे कमी हवेच्या बाजूला गाडी ओढते. तीस पीएसआयच्या टायरमध्ये एकचा फरक कळतही नाही, इथं तो तिसरा हिस्सा असतो. बाभळीचा बारीक काटा घुसला की आधी हेच ओढणं जाणवतं. मागच्या महिन्यात लेकीनेच सांगितलं, "पप्पा, गाडी डावीकडं जातीय." मागचा डावा टायर दीडवर आला होता.