१२ वर्षांची स्कॉर्पिओ, ९ वरून १२ चं अ‍ॅव्हरेज: आठ महिन्यांचा अनुभव

गाडी २०१३ ची स्कॉर्पिओ, २.२ लिटरचं एमहॉक इंजिन, १२० बीएचपी, मॅन्युअल गिअर, १ लाख ६८ हजार किमी झालेत आणि मी सेकंड ओनर. राहायला कराड, महिन्यातून दोनदा पुणे आणि मधे मधे पाटणकडं शेतावर, म्हणजे महिन्याला ११००-१२०० किमी होतात. डिझेल ९० च्या वर गेलंय, त्यात गाडी ९ चं अ‍ॅव्हरेज देतीय म्हटल्यावर घरात रोज एकच विषय, "वीक ती गाडी". विकून काय येणार, आणि तेवढ्यात सात माणसं बसणारं दुसरं काय मिळणार, म्हणून म्हटलं आधी बघू तरी डिझेल जातंय कुठं. गेल्या जुलैपासून एक वही केली, आता मार्च आहे, तेव्हा जे झालं ते लिहितो. खाली जे बिघाड येतील ते गाडीच्या वयाचे आणि माझ्या आळसाचे आहेत, कंपनीला बोल लावायचं काही कारण नाही.

पहिलं म्हणजे मोजणं. मी आधी "दोन हजाराचं टाक" वाला माणूस होतो, काटा बघून अंदाज लावायचो, त्याला काही अर्थ नसतो. आता टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, पंप तोच, शक्यतो मशीनही तेच, आणि नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं. पंपावरचा पोरगा राऊंड फिगर करायला अजून दोन-तीनदा दाबतो ना, ते करू द्यायचं नाही, कारण त्यात लिटर-दीड लिटर सहज इकडंतिकडं होतं. तीन टाक्या मोजल्या, ९.२, ९.६ आणि ९.४ आले. एका टाकीवर कधी विश्वास ठेवू नका, किमान तीन हव्यात.

आता इथं एक गंमत झाली जी मला कुणीच सांगितली नव्हती. आधीच्या मालकानं गाडीला हौसेनं मोठे टायर घातले होते, २४५/७५ आर १६. कंपनीचा साईज २३५/७० आर १६. दिसायला गाडी एकदम दणकट, म्हणून मीही कधी बदलायच्या भानगडीत पडलो नाही. एकदा कराड ते पुणे जाताना ट्रिप मीटर शून्य केला तर पोचेपर्यंत १५२ झाले, फोनचा मॅप म्हणतोय १६०. मला वाटलं मॅप येडा झालाय, येताना परत बघितलं तर तेच. मग बसून हिशोब केला, छोट्या टायरचा व्यास साधारण ७३५ मिमी, मोठ्याचा ७७४, म्हणजे चाक एका फेरीत ५ टक्के जास्त अंतर कापतंय आणि मीटरला त्याचा पत्ताच नाही. म्हणजे माझं ९.४ हे खरं ९.९ होतं! काही न करता अर्धा किमी वाढला, तो पण फुकट. पण त्याची दुसरी बाजू अशी की स्पीडोमीटर ९५ दाखवतोय तेव्हा गाडी १०० ला पळतीय, आणि ते टायर वजनाला जड, सिटीत दर वेळी तेवढं वजन हलवायला डिझेल लागतं ते वेगळंच. तर कुणी म्हणालं की टायर बदलल्यावर अ‍ॅव्हरेज लई वाढलं किंवा लई पडलं, तर आधी विचारा मीटर मॅपबरोबर जुळवलाय का.

खरा चोर सापडला ऑगस्टमध्ये. पुण्याहून आलो, पाऊस नुकताच थांबलेला, गाडी दारात लावली आणि डाव्या पुढच्या चाकाजवळून करपट वास यायला लागला. चाकाच्या कमानीतून पाण्याचे थेंब अलॉयवर पडत होते आणि पडले की चुर्र करून वाफ. उजव्या चाकाला हात लावला, कोमट. डाव्याला लावायचं धाडसच नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली, मिस्त्रीनं जॅक लावला आणि म्हणाला "दादा, फिरवा हातानं". उजवं चाक एका धक्क्यात गोल फिरलं. डावं दोन्ही हातांनी ओढलं तरी पाव फेरी फिरून थांबायचं. कॅलिपरची, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीची, पिन गंजून जाम झाली होती, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटूनच. म्हणजे मी किती महिने हलका ब्रेक दाबून गाडी चालवत होतो देव जाणे. दोन्ही बाजूचे कॅलिपर साफ, नवीन किट, ग्रीस, पॅड, आणि मागं हँडब्रेकची केबल पण जास्त ताणलेली होती ती ढिली केली, मजुरीसकट ४२०० रुपये. बरोबर हवा बघितली तर चारही टायरमध्ये २५-२६, कारण कुणीतरी सांगितलेलं की हवा कमी ठेवली की गाडी उडत नाही. आता दारावरच्या स्टिकरवर जेवढी लिहिलीय तेवढीच, दर पंधरा दिवसांनी, सकाळी टायर थंड असताना. पुढच्या दोन टाक्या मीटरवर १०.१ च्या आसपास, म्हणजे खऱ्या १०.६.

हे चाक हातानं फिरवून बघायचं काम फुकट आहे, दहा मिनिटांचं आहे, आणि माझ्या मते जुन्या गाडीत सगळ्यात आधी हेच करावं. जॅक लावायचा कंटाळा असेल तर लांबून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, चिकटवू नका, नुसता जवळ न्या. एक चाक वेगळं तापलेलं असेल तर कळतंच.

सप्टेंबरमध्ये दुसरं निघालं. खंबाटकी घाटाचा चढ चढताना गाडी ओढत नव्हती, मागं काळा धूर, आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की बॉनेटमधून फुस्स असा बारीक आवाज. मला वाटलं टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, गेला, म्हणजे ३०-४० हजाराला फोडणी. मिस्त्रीनं टॉर्च मारली आणि इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) होसपाईपखाली काळपट तेलकट डाग दाखवला, पाईपला क्लिपच्या कडेला चीर गेलेली. टर्बोनं दाबलेली हवा इंजिनात जायच्या आधी तिथून बाहेर, मग हवा कमी आणि डिझेल तेवढंच, ते अर्धवट जळून काळा धूर होऊन जातं. वर पिकअप नाही म्हणून आपण अजून दाबतो. १९०० रुपयांत पाईप आणि क्लिपा. अ‍ॅव्हरेज खऱ्या हिशोबानं ११ च्या पुढे गेलं पण त्याहून मोठं म्हणजे खंबाटकीत आता एक गिअर वर चढते.

त्याच फेरीत ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, साफ केला आणि एअर फिल्टर बदलला. ईजीआरनं गाडी जरा मऊ चालायला लागली, आकड्यात काही दिसलं नाही. फिल्टरनंही तेच. लोक फिल्टर बदलून दोन किमी वाढल्याचं सांगतात, माझ्या वहीत तसं काही नाही. बदलायचा तो इंजिनाच्या तब्येतीसाठी.

दसऱ्याच्या आसपास टायर तसेही गुळगुळीत झाले होते, तर कंपनी साईज घातला, अलाइनमेंट केली आणि टपावरचा कॅरिअर काढला. वर्षातून दोनदा सामान जायचं त्याच्यावर, बाकी ३६० दिवस रिकामा वाऱ्याला अडवत उभा. आणि बंपरपुढचा लोखंडी बुलगार्ड, तो तर केंद्र सरकारनं २०१७ च्या डिसेंबरातच बेकायदा ठरवलाय, तरी आपल्याकडं अर्ध्या गाड्यांना आहे, माझ्याही होता. काढल्यावर गाडी पहिले आठ दिवस टक्कल केल्यासारखी दिसली, मग सवय झाली. आता मीटर पण खरा बोलतो, आकडा ११.५.

यापुढचं जे वाढलं ते पायामुळं. आधी हायवेला १०० ते ११० धरायचो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ८० वरून १०० ला गेलं की वेग सव्वापट पण विरोध दीडपटीच्या वर, आणि स्कॉर्पिओ म्हणजे काय, उभं कपाटच, तिला तर जास्तच लागतं. ८०-८५ ला आलो. पुण्याला पोचायला किती उशीर? हिशोबानं वीस-पंचवीस मिनिटं, पण रस्त्याचं काम, डायव्हर्जन, टोलनाके यात प्रत्यक्ष दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त कधी पडला नाही. नुसती हायवेची एक टाकी १३.८ गेली, माझा आत्तापर्यंतचा विक्रम. उलट दिवाळीच्या खरेदीला पुण्यात चार दिवस गाडी फिरवली ती टाकी १०.१. कितीही गाडी नीट करा, सिग्नलला उभं राहून एसी खाल्ला की संपलं. या साईजचं इंजिन नुसतं चालू राहिलं तरी तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं, त्यामुळं मुलाला क्लासमधून आणताना आता गाडी बंद करून झाडाखाली उभा राहतो.

आता आबांचा मुद्दा. माझ्या वडिलांनी आयुष्यभर जीप चालवली, उतार आला की त्यांचा हात आपोआप न्यूट्रलला जातो. मी म्हटलं "आबा, गिअर काढू नका." तर "आरं, इंजिन नुसतं गुरगुरतंय, डिझेल जळंल कशानं? तुला कळतंय का मला?" शेवटी मिस्त्रीला स्कॅनर लावून गाडीत बसवला आणि पाटणकडच्या उतारावर गेलो. गिअरमध्ये ठेवून पाय पूर्ण काढला, स्क्रीनवर इंजेक्शन क्वांटिटी, म्हणजे इंजिनात जाणारं डिझेल, शून्य. न्यूट्रल केलं, लगेच आकडा आला. कारण सरळ आहे, गिअरमध्ये असताना चाकंच इंजिनाला फिरवतात, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, डिझेल बंद करतो, आणि न्यूट्रलला इंजिन बंद पडू नये म्हणून थोडं थोडं सोडत राहावं लागतं. वर घाटात न्यूट्रल म्हणजे सगळा भार ब्रेकवर, ते तापले की पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. आबा स्क्रीनकडं बघत बसले, मग म्हणाले "यंत्र कुणाचं हाय हे?" म्हणजे पटलं नाही. पण माझ्यासमोर तरी आता गिअर काढत नाहीत.

पैसे वाया गेले ते पण सांगतो. डिझेलमध्ये टाकायचं लिक्विड, दोन बाटल्या, काही फरक नाही. डिझेलच्या पाईपला बांधायचं मॅग्नेट १२०० रुपयांचं, विकणारा छातीठोक म्हणाला २० टक्के वाढेल. वहीत दोन टाक्या आधी, दोन नंतर, तंतोतंत तेच. मग वाचलं की अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं, ईपीएनं, असली शंभरावर यंत्रं तपासलीत आणि बहुतेकांचा काहीच उपयोग नाही असं सांगितलंय. आमचं मॅग्नेट सध्या फ्रिजवर लाईटबिल धरून बसलंय, तिथं काम चोख करतं. प्रीमियम डिझेलही तीन टाक्या भरून बघितलं, मला तरी फरक दिसला नाही.

एक हिशोब मात्र जुन्या मोठ्या गाडीवाल्यांनी नक्की करून बघावा. पुण्यातला माझा मित्र त्याच्या छोट्या गाडीचं १८ चं २० झालं म्हणून खूश होता आणि मला म्हणाला तुझे पण दोनच वाढलेत की. पण त्याचं १०० किमीला जेमतेम अर्धा लिटर वाचतं, माझं ९.९ चं ११.९ झालं तेव्हाच १.७ लिटर वाचायला लागलं. खादाड गाडीचा एकेक किमी जास्त किमतीचा असतो. आता गेल्या चार महिन्यांची सरासरी १२.४ आहे, म्हणजे १२०० किमीला २४ लिटर कमी, सव्वादोन हजाराच्या आसपास महिन्याला. टायर धरत नाही, ते घ्यायचेच होते, बाकीचा सगळा खर्च, मॅग्नेट आणि बाटल्या धरून, दहा हजाराच्या आत. फिटला तो.

अजून जमलं नाही ते म्हणजे क्लच. चौथ्यात चढाला जोरात दाबलं की इंजिन वर जातं आणि गाडी तेवढी वाढत नाही, प्लेट घसरतीय. मिस्त्री म्हणतो अजून दहा हजार किमी ढकला. बदलली की आधीच्या तीन आणि नंतरच्या तीन टाक्या इथंच लिहीन.

आणि हो, परवा शिमग्याला चिपळूणला सासरी गेलो, कुंभार्ली घाटातून, सात माणसं, मागं तांदळाचं पोतं, एसी फुल्ल, आणि येताना गाडी मेव्हण्याच्या हातात. ९.१ आलं. वहीत लिहिलंय, पण १२.४ मध्ये ती टाकी धरलेली नाही, खोटं कशाला बोलू.