स्टॅटिकवर पैसा कुठे लावायचा: अर्थिंग, ओलावा की आयोनायझर?

फेब्रुवारी लागला की जिनिंगवाल्यांचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखानदारांचे, फोन सुरू होतात. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, आर्वी या पट्ट्यात मी इलेक्ट्रिकल देखभालीची कामं घेतो. तक्रार बहुतेक एकच असते. 'भाऊ, पत्र्याले करंट येऊन राह्यला.' ही स्टॅटिक, म्हणजे कोरड्या हवेत घासण्यानं मालावर आणि पत्र्यावर साठणारी वीज. रुई चुटला (माल घसरत खाली येतो ती पन्हळ) चिकटून बसते, लोखंडी रेलिंगला हात लावला की चटका बसतो, पॅकिंगच्या माणसाला प्लॅस्टिक पिशवीचं तोंड उघडत नाही. सकाळच्या पाळीत काहीच नसतं, दुपारी दोनच्या सुमारास सगळं सुरू होतं. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला: अर्थिंग वाढवू, पाण्याचे फवारे लावू, की ते आयन सोडणारे बार मागवू?

विक्रेत्याला विचाराल तर तो जे विकतो तेच सांगेल. मी यातलं काहीच विकत नाही, म्हणून जे पाहिलं ते लिहितो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण चुकीची खरेदी इथूनच सुरू होते. चार्ज (साठलेली वीज) धातूवर साठला असेल तर तो तारेवाटे जमिनीत जातो. पण प्लॅस्टिक, पॉलिस्टर, कोरडी रुई यांच्यावर साठलेला चार्ज जागचा हलत नाही. प्लॅस्टिकच्या पाइपला तुम्ही दहा ठिकाणी तांब्याची तार गुंडाळली तरी तारेखालचा भाग सोडून बाकीचा पाइप तसाच राहतो. तीन उपायांपैकी एक धातूसाठी आहे आणि दोन बाकीच्या मालासाठी. त्यामुळे यातलं 'सगळ्यात चांगलं कोणतं' या प्रश्नाला उत्तर नाही. तुमचा चार्ज कशावर बसलाय, ते आधी पाहायचं.

अर्थिंग आणि जोडणी

तिन्हींत हे सगळ्यात स्वस्त. फीडर गेला, लाइट गेली तरी याचं काम चालू राहतं, आणि हे नसेल तर बाकीच्या दोन्हींचा उपयोग निम्मा. तरी आपल्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष यावरच होतं. कारण पॅनेलचं अर्थिंग केलेलं असतं आणि मालकाला वाटतं काम संपलं.

पॅनेलचं अर्थिंग वेगळं. स्टॅटिकसाठी प्रश्न असा असतो की हा पत्रा, ही चुट, हा पंखा, हा कन्व्हेयर एकमेकांना जोडलेले आहेत का. दोन पत्र्यांमध्ये रबरी गॅस्केट असेल, रंगाचा जाड थर असेल, मधे कापडी बेलोज (घडीचा लवचिक जोड) असेल, तर पलीकडचा पत्रा एकटा पडतो. असा एकटा पडलेला धातू सगळ्यात वाईट, कारण तो चार्ज साठवतो आणि हात लागला की सगळाच्या सगळा एका ठिणगीत सोडतो. प्लॅस्टिकवरून निघणारी ठिणगी तुलनेने कमकुवत असते, तिथे एका वेळी थोड्याच जागेचा चार्ज सुटतो.

एका डाळ मिलमध्ये गंजलेली लोखंडी चुट काढून मालकानं पीव्हीसीचा पाइप लावला. पाइप स्वस्त, गंजत नाही, विचार चांगलाच होता. पण मधे एक लोखंडी कपलिंग राहिलं, दोन्हीकडून प्लॅस्टिक. डाळ घसरत जायची, कपलिंग चार्ज व्हायचं, आणि खालच्या माणसाचं कोपर लागलं की तो शिडीवरून पडता पडता वाचायचा. तिथे अर्थिंगचा नवा खड्डा खणण्याची काहीच गरज नव्हती. कपलिंगपासून मशीनच्या सांगाड्यापर्यंत वेणीची एक तार लावली आणि तक्रार थांबली.

किती ओहम हवा? फक्त स्टॅटिक उतरवायची असेल तर दहा लाख ओहमपर्यंतही चालतं, कारण हा करंट फार बारीक असतो. मग धातूच्या जोडणीत १० ओहमच्या आत ठेवा असं का सांगतात? नटबोल्ट घट्ट असेल तर रीडिंग त्याच्या खूप खाली येतं. ते वर गेलं याचा अर्थ सांधा गंजला किंवा ढिला झाला, आणि उद्या तो पूर्ण सुटेल. फिरत्या रोलरच्या बेअरिंगमधली ग्रीस धातूला धातूपासून वेगळं करते, म्हणून संशय असेल तिथे शाफ्टवर कार्बन ब्रश टेकवायचा.

आता जमिनीबद्दल. आपली काळी माती पावसाळ्यात अर्थिंगसाठी छान असते. ओल आहे, रीडिंग कमी येतं, कंत्राटदार सप्टेंबरात मोजून कागद देऊन जातो. तीच माती मार्चनंतर आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाइपच्या भोवतीची माती पाइपला सोडून देते. इलेक्ट्रोड खाली ओल टिकणाऱ्या थरापर्यंत न्यावा लागतो आणि नरसाळ्यातून पाणी घालत राहावं लागतं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात उलटा त्रास. खारट जमिनीत रीडिंग सुंदर येतं, पण गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि पट्टी लवकर खाल्ली जाते. तिथे पट्टी जाड घ्या किंवा तांब्याचा मुलामा असलेला रॉड घ्या, आणि जोड जमिनीच्या वर, डोळ्यांना दिसेल असा ठेवा.

हवेतला ओलावा

कापसाच्या कामात माझा कौल याला आहे. पण एका अटीवर, तुमचा शेड बंद होत असला पाहिजे.

मे महिन्यात कूलर चालू असलेल्या खोलीत सहसा कुणाला चटका बसत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. रुईचंही तसंच. कापसाचा तंतू पाणी धरतो. ठरलेल्या प्रमाणित हवेत कापसाचा रिगेन (कोरड्या वजनाच्या तुलनेत धरलेलं पाणी) ८.५ टक्के धरतात, पॉलिस्टरचा ०.४ टक्के. हवेतली आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांवर गेली की रुईवरचा चार्ज आपोआप सरकायला लागतो आणि तक्रारी संपतात. म्हणूनच सूतगिरणीला आर्द्रतेचा प्लांट लागतोच लागतो. पण विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या पोत्यांचं युनिट असेल तर फवाऱ्यांवर विसंबू नका. तो माल पाणी धरतच नाही.

पाणी किती लागेल, हा हिशेब कुणी सांगत नाही म्हणून मांडतो. बाहेर ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता आहे. ती ६० टक्क्यांवर आणायला हवेच्या दर घनमीटरमागे अंदाजे ५ ग्रॅम पाणी बाष्प व्हावं लागतं, आणि तसं होताना हवा थंडही होते. तुमचं पाला हाउस (प्रेसच्या आधी रुई साठते ती खोली) २० बाय १० मीटर, उंची ६ मीटर, म्हणजे १२०० घनमीटर. एकदा भरायला ६ लिटर. तासाला दहा वेळा हवा बदलत असेल तर तासाला ६० लिटर, आठ तासांच्या पाळीला पाचशे लिटरच्या जवळपास. हे जमण्यासारखं आहे. पण दोन बाजू उघड्या असलेल्या टिनाच्या शेडमध्ये हवा याच्या कितीतरी पट वेगानं बदलते, आणि तुम्ही गावाच्या पाण्यानं रस्त्यावरची हवा ओली करत बसता. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात हे मला पटत नाही. आधी पडदे, भिंत, दार. नंतर फॉगर (धुक्यासारखं पाणी सोडणारं यंत्र).

पाण्याची जात पण पाहा. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी बारीक नोझलमधून सोडलं तर नोझल चोंदतात, आणि जे पाणी उडून जातं ते मीठ मागे ठेवून जातं. रुईवर पांढरी भुकटी बसते. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी लागेल, तो खर्च आधीच धरा.

फवारा कुठे मारायचा? कपाशीच्या ढिगावर अजिबात नाही. ओला कापूस रेच्यावर (सरकी काढणारं यंत्र) नीट चालत नाही. जिनिंगला माल थोडा कोरडा लागतो, प्रेसिंगला थोडा ओलसर, म्हणून ओलावा द्यायचा तो रुई निघाल्यावर, प्रेसच्या आधी, आणि थेंब न पडता धुक्यासारखा. गाठीत ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला तर साठवणीत रुई पिवळी पडायला लागते, आणि मग स्टॅटिक गेली म्हणून आनंद करण्यात अर्थ नाही. हे काम प्रत्यक्ष पाहायचं असेल तर नागपूरला सिरकॉटचं (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था) जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एक चक्कर मारा.

आयोनायझर

दोन जाती. एक साधी: कार्बन किंवा बारीक तारांचा ब्रश, अर्थला जोडलेला, मालाच्या अगदी जवळ. याला लाइट लागत नाही, फार तर महिन्याला पुसावा लागतो. चार्ज जास्त असेल तेव्हाच तो काम करतो आणि शेवटी थोडा चार्ज मागे सोडतो. चिकटणं थांबवायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. दुसरी जात म्हणजे काही हजार व्होल्टवर चालणारा बार. तो चार्ज जवळजवळ पूर्ण घालवतो, पण त्याला वीजपुरवठा लागतो, सुया धुळीनं भरतात, आणि भरल्या की तो शोभेपुरता उरतो. जिनिंगच्या धुळीत मी हा बार सुचवत नाही. पोत्यांचं युनिट, लायनर, प्लॅस्टिक फिल्म, लेबल, म्हणजे सरळ पट्ट्यासारखा धावणारा माल असेल तिथे तो पैसे वसूल करतो. आधी ब्रश लावून पाहा. नाही भागलं तर बार.

मोजायचं कशानं

मी तर म्हणेन, वरच्यापैकी काहीही घेण्याआधी दोन आठवडे फक्त मोजा.

सुरुवात सुक्या-ओल्या थर्मामीटरनं: एक कोरडा, एक ओल्या वातीचा, दोन्हींच्या फरकावरून आर्द्रता कळते. घड्याळासारखा काट्याचा आर्द्रतामापक स्वस्त असतो, पण वर्षभरात तो काहीही सांगायला लागतो. सुका-ओला टिकतो, फक्त वात स्वच्छ आणि पाणी डिस्टिल्ड हवं, नाहीतर वातीवर मीठ चढून रीडिंग चुकतं. जोडण्यांसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. अर्थिंगच्या खड्ड्यासाठी खुंट्यांचा अर्थ टेस्टर कंत्राटदाराकडून भाड्यानं आणा, विकत घेऊ नका.

मालावरचा चार्ज पाहायला हातातला फील्ड मीटर येतो. पैसे असतील तर हीच खरेदी आधी करा. तो मालाला टेकवायचा नसतो, ठरलेल्या अंतरावर, बहुतेक मीटरसाठी २५ मिलिमीटरवर धरायचा. धरणारा माणूस किंवा मीटर स्वतः अर्थला जोडलेला नसेल तर आकडा खोटा येतो. आणि लोखंडी पत्र्यावर पडलेल्या मालाचं रीडिंग कमी दिसतं, म्हणून माल पत्रा सोडून हवेत लटकतो तिथे मोजा. वहीत तीन रकाने करा: वेळ, आर्द्रता, किलोव्होल्ट. दुपारी आर्द्रता पडते आणि आकडा चढतो असं दिसलं तर ओलाव्यानं काम होईल. आर्द्रता बदलूनही आकडा तसाच राहिला तर माल प्लॅस्टिकचा आहे किंवा जोडणी तुटली आहे, तिथे फवाऱ्यावर पैसा घालू नका. भिंतीवर कायम बसवायचे, सतत मोजत राहणारे मॉनिटर छोट्या जिनिंगला लागत नाहीत.

आगीबद्दल मालक नेहमी विचारतात. जिनिंगमधल्या आगी बहुतेक दगड, लोखंडाचा तुकडा, अडकलेला रोलर, तापलेलं बेअरिंग किंवा शॉर्ट सर्किट यांतून लागतात. स्टॅटिकचं सामान घेतलं म्हणून चुंबक आणि दगड पकडणारा ट्रॅप टाळता येणार नाही.

सॉल्व्हंट प्लांट असेल तर

सोयाबीनचं किंवा सरकीच्या ढेपेचं तेल हेक्झेननं (पेट्रोलसारखा चटकन पेटणारा द्रव) काढत असाल तर वरची निवड तुम्हाला लागू नाही, तिथे निवडीला जागाच नाही. हेक्झेनची वाफ पेटायला ०.२४ मिलिज्यूल पुरतात. कोरड्या दिवशी टेरिलिनचा शर्ट घातलेला माणूस १० हजार व्होल्टवर चार्ज झाला तर त्याच्या अंगात या ०.२४ मिलिज्यूलच्या तीसपट ऊर्जा असते, आणि त्याला जाणवतो तो फक्त एक चटका. हवेत १.१ ते ७.५ टक्के वाफ झाली की ती पेटू शकते. ती हवेच्या तिप्पट जड असते, त्यामुळे खड्ड्यात, गटारात जाऊन बसते.

तिथे सगळं हवं. टँकरला क्लॅम्प, आणि तो जोडल्याशिवाय पंप सुरू होणार नाही असा इंटरलॉक. कायमचा मॉनिटर मी फक्त इथेच सांगतो, आणि तिथे तो पाहिजेच. पाइपचं तोंड द्रवात बुडेपर्यंत भरण्याचा वेग सेकंदाला १ मीटर, वरून धार सोडणं बंद. भरून झाल्यावर लगेच नमुना काढायला झाकण उघडायचं नाही, नमुन्याच्या भांड्याला नायलॉनची दोरी नाही. सुती कपडे, अँटिस्टॅटिक बूट. ढेप जंबो बॅगेत भरत असाल तर बॅगेचा प्रकार विचारा. सी प्रकार (वीज वाहून नेणारे धागे विणलेली बॅग) असेल तर प्रत्येक वेळी अर्थ जोडावाच लागतो, आणि भरणाऱ्या पोरानं एकदा विसरलं तर ती बॅग साध्या बॅगेपेक्षा धोक्याची. साधा आयोनायझर बार या भागात आणूच नका, स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित असेल तरच. आपल्या शंकेसाठी आयएस ७६८९ हे मानक वाचा, आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३.

जिनिंगवाल्यांनी क्रम असा धरावा: या हंगामात मल्टिमीटर घेऊन सगळे सांधे, पुढच्या हंगामाआधी शेड बंद करणं, मग फॉगर. पोत्यांच्या युनिटनं सांधे आणि ब्रश, लागला तर बार. आणि खड्ड्याचं रीडिंग कंत्राटदार सप्टेंबरात देत असेल तर ते घ्या, पण बिलाचा शेवटचा हप्ता मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, त्याच्या समोर पुन्हा मोजल्यावर द्या.