गणितमाळ: ताई-दादाच्या हाती देण्यासारखी वस्तू

घरीच शिकणाऱ्या भावंडांत मोठं धाकट्याला शिकवायला बसलं की गाडी बहुधा गणितावर अडते. दहा-बारा वर्षांच्या ताईला उत्तर येतं, ते कसं आलं हे सांगता येत नाही. मग ती उत्तरच सांगून मोकळी होते. शंभर मण्यांची माळ असली की ‘कसं’ हे बोटाने दाखवता येतं. दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ या संस्थेची गणितमाला शाळांमध्ये वापरात आहे, तशीच माळ घरीही ओवता येते.

घेताना रंग आधी बघा. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या, पुन्हा पहिला. दोनच रंग हवेत. सप्तरंगी माळ दिसते छान, पण मूल ‘हिरवा संपला की चाळीस’ असं पाठ करून बसतं आणि दहा-दहाने मोजायचं राहूनच जातं. दुसरी गोष्ट दोरीची. 10 मिलिमीटरचे 100 मणी म्हणजे 1 मीटर. गाठीपासून गाठीपर्यंत दोरी सव्वा मीटर तरी हवी. मणी घट्ट बसले तर सरकत नाहीत आणि खुणेचा कपड्यांचा चिमटा लावायला मध्ये फटही राहत नाही. सुती दोरा ढिला पडतो, नायलॉनची दोरी बरी.

आता शिकवणाऱ्याबद्दल. ताईने समोर नाही, शेजारी बसायचं. समोर बसली की दोघांपैकी एकाची माळ उजवीकडून सुरू होते आणि ‘पुढे जा’ म्हणजे कुठे यावरूनच जुंपते. मण्यांना हात फक्त धाकट्याचा लागला पाहिजे. हा नियम दादा लोक हमखास मोडतात. 37 दाखवायचे तर चिमटा सदतिसाव्या मण्यानंतरच्या फटीत लावायचा, मण्यावर नाही. नाहीतर पुढची प्रत्येक बेरीज एकाने चुकते.

37 + 25 घ्या. धाकटा एकेक मणी मोजू लागला तर ताईने एवढंच विचारावं, ‘चाळीसला पोचायला किती?’ तीन. मग वीस पुढे, साठ. उरले दोन, बासष्ट. हीच उडी नंतर कागदावर नुसत्या रेघेवर काढायची. त्यात ताईचंही तोंडी गणित पक्कं होतं.

मराठीत माळेचा खास उपयोग एकोणपन्नाससारख्या ‘एकोण’च्या संख्यांना. मूल ‘पन्नास’ ऐकतं आणि 59 लिहितं. माळेवर पन्नासला जाऊन एक मणी मागे यायचं. मात्र नव्व्याण्णव या रांगेत बसत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! माळ हाताशी असली की दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालतात.

दोघांत तीन-चार वर्षांचं अंतर असेल तर जमतं. दीड-दोन वर्षांचं असेल तर शिकवण्याची स्पर्धा होते. एका बैठकीला दहा-बारा मिनिटं पुरेत. ताई ही फुकटातली मास्तरीण नव्हे, तिला तिचाही अभ्यास आहे. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर काम झाल्यावर माळ उंच खिळ्याला टांगा. दोरी तुटली तर मणी थेट तोंडात जातात.

तीन अंकी संख्या सुरू झाल्या की मात्र माळ अपुरी पडते. तिथे काड्या आणि रबरबँड घेऊन दशकाचे गठ्ठे बांधायला बसवा.